दोन अपत्यांचा कायदा हवाच का? (गंगापूर धरणावरून सुचलेला धागा)

गोदाकाठ (धागाकर्ता)

२००१ च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीची लोकसंख्या १० लाख ७७ हजार होती, २०११ ला १४ लाख ८६ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत ३८ टक्के वाढ. जिल्हा ४९ लाख ९४ हजारांवरून ६१ लाख ७ हजारांवर गेला. पुढची जनगणना लांबली त्यामुळे नवा आकडा हाती नाही, पण संध्याकाळी पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत गाडी हाकली की अंदाज येतो. तिकडे गंगापूर धरण मात्र वाढत नाही. मूळची साठवण सात टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) पुढे होती, गाळ भरून ती ५.६३ वर आली.

माझं मत सरळ आहे. अख्ख्या देशाला एक कायदा करा. तिसरं मूल झालं की रेशन, सरकारी योजना, नोकरी, निवडणूक सगळं बंद. यात काय चुकतंय ते मुद्द्याला धरून सांगा. एका धर्माच्या नावाने आखाडा करायचा असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

टवाळ_सातपूरकर

पहिला नंबर माझा! मिसळ सांगून बसलोय. कुंभमेळ्याच्या आधी शाहीस्नान इथेच होणार असं दिसतंय.

आकडेमोड

गोदाकाठ, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकलाय. ज्या दहा वर्षांत नाशिक शहर ३८ टक्क्यांनी वाढलं त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र १५.९९ टक्क्यांनी वाढला आणि नाशिक जिल्हा २२.३ टक्क्यांनी. नाशिकच्या बायकांना राज्याच्या दुप्पट मुलं होत होती असं काही नाही. वरचा मोठा वाटा बाहेरून आलेल्यांचा. कोणी सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत आलं, कोणी शिक्षणाला, कोणी बांधकामावर. अपत्यांवर कितीही कायदे करा, भुसावळहून किंवा गोरखपूरहून अंबडला कामाला येणारा माणूस त्यात सापडत नाही. तो जन्मलेलाच असतो.

आता जन्मांकडे येऊ. एकूण जननदर म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील याचा अंदाज. तो खऱ्या कुटुंबांतली मुलं मोजून काढत नाहीत. त्या वर्षी १५ ते ४९ वयाच्या प्रत्येक गटातल्या बायकांना किती मुलं झाली ते दर घेऊन बेरीज करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा १९९२-९३ साली ३.४ होता. पुढच्या फेऱ्यांत तो २.९, २.७, २.२ असा उतरत २०१९-२१ ला २.० झाला. महाराष्ट्र १.७. म्हणजे ज्या 'दोन'साठी तुम्ही कायदा मागताय, त्या दोनाच्या खाली आपलं राज्य आधीच गेलेलं आहे.

सिन्नरफाटा

१.७ असेल तर गर्दी का वाढतेय मग? कुठेतरी कागद खोटा आहे.

आकडेमोड

कागद खोटा नाही, वेळ लागतो. एका घराचा हिशेब घ्या. आजी-आजोबा दोन. त्यांना चार मुलं झाली. ही चारही मुलं आता दोनावर थांबली. प्रत्येक जोडप्याची दोन मुलं आई आणि बाप यांच्या खात्यात एकेक धरू, कारण सुना-जावई दुसऱ्या घरच्या हिशेबात आहेत. म्हणजे या घरच्या खात्यात चार नातवंडं, आणि पुढे चार पतवंडं. पिढ्यांचा क्रम झाला २, ४, ४, ४. पतवंडं येतात तेव्हा जातात कोण? आजी-आजोबा. चार आले, दोन गेले. कोणीही दोनापेक्षा जास्त मुलं केली नाहीत तरी घर वाढलंच. चाराची पिढी म्हातारी होऊन जाईपर्यंत हे असंच चालणार. आगगाडीला ब्रेक लावला तरी ती फलाटाच्या पुढे जाऊन थांबते, तसं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजात भारताचा उच्चांक २०६० च्या दशकात, १७० कोटींच्या आसपास दाखवलाय आणि नंतर उतार.

दुसरी गोष्ट म्हणजे पिढीचं अंतर, जे या वादात कोणी मोजतच नाही. पहिलं मूल १८ व्या वर्षी होत असेल तर ७२ वर्षांत चार पिढ्या होतात. २५ व्या वर्षी होत असेल तर ७५ वर्षांत तीन. मुलं दोनच, तरी एक अख्खी पिढी कमी. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं असं त्याच पाहणीत आहे. ब्रेक लावायचा तर तिथे लावा.

सिन्नरफाटा

पतवंडांचा हिशेब पटला. आणखी एक विचारतो. दोन माणसांना दोन मुलं म्हणजे बरोबरी झाली की. मग सगळीकडे २.१ का लिहितात? हे ०.१ मूल कोणाचं?

टवाळ_सातपूरकर

आमच्या शेजारच्यांचं. आमच्याच घरी जेवतं.

आकडेमोड

:) निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. पुढच्या पिढीला जन्म मुलीच देणार, म्हणून १०० आयांच्या जागी १०० मुली यायला २०५ जन्म लागतात. त्यातल्या काही मुली आई होण्याच्या वयाआधी दगावतात, त्याची भर घातली की २.१. मुली पोटातच मारल्या तर हा आकडा चढतो. २०११ ला नाशिक जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलग्यांमागे ८९० मुली होत्या. १८९० भागिले ८९० केलं की नुसत्या लिंग गुणोत्तरापोटीच २.१२ होतात, मृत्यू अजून धरलेच नाहीत.

कायदापंडित

कायद्याचं बोलायचं तर आधी आहे तो कायदा वाचू. महाराष्ट्रात दोन अपत्यांची अट नवी नाही.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका: १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनाच्या वर गेली तर उमेदवार अपात्र. त्या तारखेला ज्यांना आधीच तीन-चार मुलं होती ते संख्या वाढली नाही तोवर पात्र. आधी एकच मूल असेल आणि पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी-तिळी झाली तर ती एक धरतात. ग्रामपंचायत कायद्याच्या स्पष्टीकरणात दत्तक घेतलेलं मूल 'अपत्य' या शब्दात येत नाही. पण स्वतःचं तिसरं मूल दुसऱ्याला दत्तक देऊन संख्या दोनावर आणली असं म्हणता येत नाही. ओडिशाच्या एका सरपंचाच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं.

सरकारी नोकरीला २००५ चे लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आहेत, २८ मार्च २००५ पासून. अर्जासोबत नमुना 'अ' भरून द्यावा लागतो. त्यातही सुरुवातीच्या एका वर्षात झालेलं अपत्य धरत नाहीत.

गंमत बघा, सरपंचाला अट आहे, तलाठ्याला आहे, शिपायाला आहे. आमदार-खासदाराला नाही.

हे सगळं घटनेत बसतं, सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणाच्या जावेद खटल्यात ते मान्य केलं. त्यामुळे 'असा कायदा करताच येत नाही' हे म्हणणं खोटं आहे. 'लोकसंख्या नियंत्रण व कुटुंब नियोजन' हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत २०-अ नोंदीत घातला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही मुभा. प्रश्न करता येतो का हा नाही, केल्याने काय होतं हा आहे.

पेठरोड_पंचवटी

काय होतं मग? सांगा की, अर्ध्यावर सोडू नका.

कायदापंडित

जेवायला उठलो होतो.

माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांतल्या पंचायतींत या अटीचा अभ्यास केला होता. अटीच्या कचाट्यातून सुटायला लोकांनी काय केलं तर बायको सोडली, तिसरं मूल नाकारलं, दत्तक दाखवलं, गर्भात मुलगी आहे का बघून पाडली. अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी आणि बायका जास्त. सरपंचपद गेलं म्हणून गावातला जन्मदर हलल्याचं काही दिसलं नाही, कारण निवडणूक लढवणारी घरं गावात असतात किती? हरियाणा, हिमाचल, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांनी ही अट आणली आणि काढलीही. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये काढली, तीही उलट कारणाने: तिथे आता मुलं कमी पडतायत.

आणि गोदाकाठ, रेशन बंद म्हणता ते कागदावर बघू. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं. नवरा, बायको, दोन मुलं, महिन्याला २० किलो. तिसऱ्याचं नाव कार्डावर चढवायचं नाही असं ठरवलं तर तेच २० किलो पाच जण खाणार. शिक्षा बापाला नाही झाली, पहिल्या दोन मुलांच्या ताटातली भाकरी कमी झाली. शिवाय लोक तिसऱ्या मुलाची जन्मनोंदच करणार नाहीत. २१ दिवसांत नोंद फुकट होते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. दाखला नसलेली पोरं तयार करून कोणती लोकसंख्या आटोक्यात येणार?

गोदाकाठ

रेशनचा मुद्दा मागे घेतो. बाकीचा नाही.

मोसमपूल

धर्माचं नको म्हणालात, पण मालेगावचं नाव कोणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. १९९२-९३ ला मुस्लिम जननदर ४.४ होता, हिंदू ३.३. अंतर १.१ मुलाचं. २०१९-२१ ला मुस्लिम २.३६, हिंदू १.९४. अंतर ०.४२. दोघे उतरतायत, आणि जो वर होता तो जास्त वेगाने उतरतोय. त्याच पाहणीत अख्ख्या बिहारचा आकडा ३.० आहे आणि केरळचा १.८. बाई शाळेत किती वर्षं होती, पहिलं बाळ जगेल याची तिला खात्री आहे का आणि दवाखाना किती लांब आहे, एवढ्या तीन गोष्टींनी बराचसा फरक कळतो. यंत्रमागाच्या गल्लीत दोन पाळ्या चालतात, तिथे आरोग्य केंद्र फक्त सकाळचं उघडं ठेवलं तर बाई जाणार कधी?

पेठरोड_पंचवटी

चीनने करून दाखवलं की पण. एक मूल म्हणजे एक मूल.

जुनीपोथी

चीनचं धोरण १९८० च्या आसपास सुरू झालं, २०१६ पासून दोन मुलांना परवानगी, २०२१ ला तीन. २०२२ पासून लोकसंख्या घटायला लागली आणि आता सरकार मुलं व्हावीत म्हणून पैसे देतंय, तरी होत नाहीत. आणि चीनचा जननदर सगळ्यात जोरात घसरला तो १९७० च्या दशकात, म्हणजे एक मूल धोरणाच्या आधी, लग्नं उशिरा करा आणि अंतर ठेवा या मोहिमेत.

पण चीनपर्यंत कशाला जायचं, आपलंच बघा. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते १९२१ साली. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला आणि सभागृहाने तो फेटाळला. १९५२ ला भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात पहिला. इथवर सगळं समजावण्याने चाललं होतं.

मग १९७६. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक देशात कोणत्या विधिमंडळाने मंजूर केलं? महाराष्ट्राच्या. तीन मुलांनंतर सक्तीची शस्त्रक्रिया, नाही केली तर तुरुंग. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीला दिल्लीला गेलं आणि तिथेच राहिलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. पुढच्या वर्षी निवडणुकीत सरकार गेलं. त्यानंतर कोणत्याही पक्षाने पुरुष नसबंदीचं नाव जोरात घेतलं नाही. २०१९-२१ च्या पाहणीत विवाहित जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली ३७.९ टक्के आणि पुरुषाची ०.३ टक्के. सक्तीने हे एवढंच कमावलं: पन्नास वर्षं पुरुष ओट्याखाली लपले आणि सगळं ओझं बाईच्या पोटावर आलं.

टवाळ_सातपूरकर

ओट्याखाली नाही हो काका, गल्लीच्या कोपऱ्यावर. लोकसंख्येवर चर्चा करत.

द्राक्षबाग_निफाड

इथे सगळे जास्त माणसांवर बोलतायत. ऑक्टोबर छाटणीला निफाड-दिंडोरीत येऊन बघा. छाटणी, पेस्ट लावणं, डिपिंग, विरळणी, सगळं ठरलेल्या दिवसांत व्हावं लागतं आणि टोळ्या मिळत नाहीत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पट्ट्यातून येणाऱ्या मजुरांवर बागा उभ्या आहेत. त्यांची पोरं शिकून कंपनीत गेली, चांगलंच झालं, पण पुढच्या वीस वर्षांत छाटणीला माणूस कुठून आणणार? मुलं कमी करा म्हणणाऱ्यांनी एकदा हेही सांगावं.

उपकेंद्र_ताई

द्राक्षबाग भाऊंनी टोळ्यांचा विषय काढला ते बरं झालं. कुटुंब नियोजन खरं कुठे फसतं ते तिथेच दिसतं.

सरकारी दवाखान्यात पाळणा लांबवायला फुकट काय मिळतं? निरोध, माला-एन ही रोजची गोळी, छाया ही आठवड्याची गोळी, अंतरा इंजेक्शन आणि तांबी (कॉपर-टी). आता अंतरा घ्या. १५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत पुढचा डोस चालतो. सुरगाण्याच्या बाईने पावसाळ्यात गावात पहिला डोस घेतला, दुसऱ्याची तारीख येते तेव्हा ती निफाडला बागेत. कार्ड घरी राहिलेलं. तिला वाटतं इंजेक्शन आपल्याच गावच्या सिस्टरकडे मिळतं. चार आठवडे उलटतात आणि तिला दिवस जातात. औषध बिघडलं नव्हतं, पत्ता बदलला होता. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढचा डोस घेता येतो हे पहिल्या डोसाच्या वेळी सांगायचं आणि पुढची तारीख नवऱ्याच्या मोबाईलमध्ये टाकून द्यायची, एवढ्याने निम्मं काम होतं.

सोडून देण्याचं दुसरं कारण पाळी. अंतराने पहिले काही महिने मधेच थोडं अंगावर जातं, पुढे पुढे पाळी बंदही होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते, सासू म्हणते 'रक्त आत साठतंय'. आत काही साठत नाही. अस्तर जाडच होत नाही, म्हणून जायलाही काही नसतं. आणि थांबवल्यावर लगेच दिवस राहत नाहीत, शेवटच्या इंजेक्शनपासून ७ ते १० महिने लागू शकतात. लवकरच दुसरं मूल हवं असेल त्यांनी हे घेऊ नये.

तांबीत दोन प्रकार. ३८०-ए दहा वर्षं, ३७५ पाच वर्षं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर मग सहा आठवड्यांनी. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली निसटून पडण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून सहा आठवड्यांनी धागा तपासायला बोलवतात. बायका येत नाहीत, आणि 'तांबी असूनही राहिलं' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तांबी कधीच पडून गेलेली असते.

अस्मी_कॉलेजरोड

ताई, हे सगळं बाईनेच का करायचं? पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते ना?

उपकेंद्र_ताई

पुष्कळ सोपी. बाईची म्हणजे पोट उघडणं आलं, टाक्याची असो वा दुर्बिणीची. पुरुषाची बिनटाक्याची: जागा बधिर करतात, कातडीला एक बारीक छिद्र, दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बाहेर काढून कापून बांधतात. १० ते २० मिनिटं. त्याच दिवशी घरी. पुरुषत्व जातं म्हणतात, त्याचं उत्तर शरीररचनेत आहे: अंडकोषातला संप्रेरक रक्तातून जातो, त्या नळीतून नाही. आणि वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा २ ते ५ टक्के, बाकी द्रव वरच्या ग्रंथींचा. बाहेरून काहीच फरक कळत नाही.

पात्रतेचं सांगते, पुष्कळ जण विचारतात. लग्न झालेलं हवं, बाई २२ ते ४९ वर्षांची, पुरुष साठीच्या आतला, निदान एक मूल आणि ते वर्षाच्या वरचं. जोडीदाराची सही लागत नाही. लागते म्हणून कोणी परत पाठवलं तर नियम दाखवायला सांगा.

आकडेमोड

ताईंना पूरक. रोजच्या वापरात, म्हणजे विसरणं-चुकणं धरून, वर्षभरात १०० जोडप्यांमागे किती बायकांना दिवस जातात: निरोध १३, रोजची गोळी ७, 'वेळेवर बाजूला होणं' २०, तांबी एकाच्या आत, बाईची शस्त्रक्रिया अर्धा, पुरुषाची ०.१५. हे अमेरिकेतल्या वापराचे आकडे, पण क्रम सगळीकडे हाच.

मोसमपूल

शस्त्रक्रियेचं उद्दिष्ट ठरवून शिबिरं भरवली की काय होतं तेही लिहा. २०१४ ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या. नियम होता एका पथकाने दिवसाला जास्तीत जास्त ३०. त्या दिवसांत डझनभराहून जास्त बायका गेल्या. २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करा असं सांगितलं. कायदा, मग टक्केवारी, मग उद्दिष्ट, मग शिबिर. ही वाट ठरलेली आहे.

जलसाक्षर_नाशिक

धाग्याच्या शीर्षकात गंगापूर आहे आणि पहिल्या पोस्टनंतर पाण्यावर एकही ओळ नाही, म्हणून थोडं अवांतर, खरं तर विषयावरचंच. माणशी १३५ लिटर रोज हे शहराचं प्रमाण धरा. १५ लाख माणसांना रोज सुमारे २० कोटी लिटर, वर्षाला सुमारे ७,४०० कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे २.६ टीएमसी. लोकसंख्या २० लाख धरली तरी साडेतीन. गंगापूर ५.६३ चं, शिवाय मुकणे आणि दारणेतून शहराला पाणी येतं. पिण्यासाठी माणसं जास्त झाली म्हणून गंगापूर संपत नाही. सिंचनाची आवर्तनं, कारखाने, जायकवाडीला सोडायचं पाणी, बाष्पीभवन, गळक्या वाहिन्या आणि धरणातला गाळ, एवढी मंडळी रांगेत आहेत. गाळाने गेलेली दीड टीएमसी म्हणजे आठ-नऊ लाख माणसांचं वर्षाचं पाणी. ते तिसऱ्या मुलाने प्यायलेलं नाही.

टवाळ_सातपूरकर

म्हणजे निरोध धरणाला लावायला हवा होता.

जुनीपोथी

टवाळराव, तुमच्यावर हसू येतं हेच वाईट आहे.

सिन्नरफाटा

एक राजकीय मुद्दा राहिला. लोकसभेच्या जागा राज्यांत अजून १९७१ च्या लोकसंख्येवर वाटलेल्या आहेत, ४२ व्या दुरुस्तीने गोठवल्या, ८४ व्या दुरुस्तीने मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. नवी जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भ-दिनांकाची. जननदर आधी खाली आणणाऱ्या केरळ-तमिळनाडूच्या जागांचा वाटा घटणार, बिहार-उत्तर प्रदेशचा वाढणार. महाराष्ट्र मधे कुठेतरी. तेव्हा 'मुलं कमी करा' सांगणारं सरकार आणि 'जागा माणसं मोजून देऊ' सांगणारं सरकार एकच असेल तर राज्यांनी ऐकायचं कोणाचं?

गोदाकाठ

सगळं वाचलं. पाण्याचा हिशेब माझ्या डोक्यात उलटाच बसला होता, हे मान्य. कायद्याबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. ज्या राज्यांत जननदर तीनवर आहे तिथे नुसतं समजावून भागेल का, शंका आहे. पण प्रश्न बदलून विचारतो. कायदा नको म्हणता, तर आपल्या जिल्ह्यात उद्यापासून नेमकं काय करायचं? 'शिक्षण वाढवा' असलं मोघम नको.

मोसमपूल

आरोग्य केंद्र आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उघडं. यंत्रमागाच्या पाळीनुसार.

अस्मी_कॉलेजरोड

दहावीनंतर मुलींची एसटी. इगतपुरी, पेठच्या पाड्यांवरून कनिष्ठ महाविद्यालयाच्या वेळेला गाडी नसली की शाळा सुटते, आणि शाळा सुटली की लग्न ठरतं. लेक लाडकी योजनेचे टप्पेही तसेच आहेत: जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. सगळ्यात मोठी रक्कम अठरानंतर ठेवलीय. पण अकरावीला पोचलीच नाही तर काय उपयोग?

उपकेंद्र_ताई

आशाताईंच्या हातात पात्र जोडप्यांची नोंदवही असते. त्यात दोन मुलांची जोडपी शोधून शस्त्रक्रियेला पाठवणं यावर सगळा जोर. देशात बायका शस्त्रक्रिया करतात त्या सरासरी पंचविशीच्या आसपास, म्हणजे लग्न, दोन बाळंतपणं, शस्त्रक्रिया, सगळं सात-आठ वर्षांत उरकलेलं. मधे अंतर ठेवायला कोणी मदत केलेली नसते. म्हणून नोंदवहीत आधी नवं लग्न झालेली आणि एक मूल असलेली जोडपी बघायची. त्यांना छायाची पाकिटं: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, वार ठरवून, म्हणजे रविवार-बुधवार, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. यात संप्रेरक नाही, अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. गोंधळ चौथ्या महिन्यात होतो, दोनाची एक करताना बाई एकही घेत नाही. त्या महिन्यात घरी जाऊन यायचं. गोळी चुकून सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोधही वापरायचा. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

नवखा_२२

ताई, पहिल्यांदाच लिहितोय. पुरुषाच्या ऑपरेशननंतर गाडी कधी चालवता येते? आणि लगेच बिनधास्त का?

टवाळ_सातपूरकर

या धाग्याला आज पहिला पुरुष मिळाला. टाळ्या.

उपकेंद्र_ताई

टवाळ भाऊ, गप्प बसा जरा, माणूस विचारतोय.

नवखा, ४८ तास आराम, घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी, जखम कोरडी ठेवायची. जड उचलणं आणि सायकल आठवडाभर नको, दुचाकीलाही तेच लावा. आणि लगेच बिनधास्त अजिबात नाही. वरच्या नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची. नमुना दवाखान्यातून मिळालेल्या कोरड्या डबीत घ्यायचा, निरोधात नाही, कारण त्यावरच्या औषधाने जंतू मरतात आणि अहवाल खोटा येतो. तासाभरात प्रयोगशाळेत पोचवा. शुक्रजंतू दिसले तर निरोध चालू ठेवून दर महिन्याला पुन्हा, सहा महिन्यांपर्यंत. 'नाहीत' असा कागद हातात आला की मग तुमचं तुम्ही बघा. बहुतेक जण तपासणीलाच येत नाहीत आणि मग बायकोवर संशय घेतात.

नवखा_२२

धन्यवाद ताई. डबी आधी मागून ठेवतो.